मूल चिडचिड करतं, तेव्हा त्याच्या पोटात काय चाललेलं असतं?

१. आईचा प्रश्न

आळेफाट्यावरच्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात तासभर बसलात, तर एक प्रश्न हमखास कानावर येतो. ताप-खोकल्याचं सांगून झालेलं असतं, औषधाची चिठ्ठी हातात आलेली असते, आणि आई उठता उठता म्हणते, "डॉक्टर, हा फार चिडचिड करतो हो. अभ्यासाला बसला की पाच मिनिटांत उठतो. जेवायचं तर नावच घेत नाही. पोटाचं काही असेल का?" सोबत आजी असेल तर तिचं निदान ठरलेलं असतं: जंत झालेत. वडील मोबाइलला दोष देतात. शाळेतल्या बाईंनी वहीत 'लक्ष नसते' एवढंच लिहून पाठवलेलं असतं.

पोटाचा आणि वागण्याचा संबंध असतो का, हा प्रश्न साधा दिसला तरी नेमका आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळा तोच विचारत आहेत. त्याचं एक चांगलं, मोजून-मापून मिळालेलं उत्तर आळ्याच्या शेजारच्याच जिल्ह्यातून आलं आहे, आणि तेही बाजरीच्या भाकरीतून. त्या भाकरीपर्यंत पोचण्याआधी दोन-तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतील.

आधी इथलं ताट पाहू. ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी असलेलं आळे हे जुन्नर तालुक्याच्या पूर्व अंगाचं गाव. बेल्ह्याकडे सरकावं तसा पाऊस कमी होतो. तो बाजरीचा मुलूख. पश्चिमेला नाणेघाट-माळशेजच्या बाजूला आणि आंबेगावच्या भीमाशंकर पट्ट्यात भात, नाचणी आणि वरई. मधल्या भागात कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांचं पाणी आलं आणि ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षं आली. हुलग्याचे शेंगोळे, मासवडी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी हे या भागाचं जुनं खाणं. पोरांच्या हातात आता दिसते ती मात्र पाच रुपयांची पुडी, आणि ती घाटाखाली, घाटावर, वाडीवर, फाट्यावर सगळीकडे एकसारखीच असते.

२. पोटातून डोक्यात जाणारे मार्ग

पोट आणि मेंदू यांच्यात निरोप जाण्याचे तीन मार्ग आपल्याला नीट माहीत आहेत.

पहिला मार्ग नसांचा. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशी असतात. तिथून मेंदूकडे जाणारी मोठी नस म्हणजे व्हेगस. तिच्यातले बहुसंख्य तंतू खालून वर, म्हणजे पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात. मुलाला तीन दिवस शौचाला झालेलं नसतं, तेव्हा त्याला 'पोट जड आहे' असं शब्दांत सांगता येत नाही. ते रडतं, अंग टाकून देतं, ताट ढकलतं. बद्धकोष्ठ सुटल्यावर हेच मूल निवळलेलं आई-वडिलांनी अनेकदा पाहिलेलं असतं.

दुसरा मार्ग दाहाचा. शरीरात कुठेही संसर्ग झाला की रोगप्रतिकारक पेशी काही रसायनं सोडतात. ती मेंदूपर्यंत पोचतात आणि माणूस मलूल होतो, चिडतो, एकटा बसू पाहतो. तापातल्या मुलाचं वागणं आठवा. आतड्यात सतत थोडाथोडा संसर्ग चालू असेल तर हीच स्थिती सौम्य रूपात रेंगाळू शकते. आजीच्या जंतांच्या निदानात तथ्य आहे ते इथे, आणि आणखी एका कारणाने: आकडीकृमी आतड्याच्या भिंतीला चिकटून रक्त पितात.

तिसरा मार्ग रक्तातल्या पोषणाचा. मेंदू चालवायला लागणारं लोह, बी-१२, आयोडीन, प्रथिनं हे सगळं आतड्यातूनच रक्तात जातं. ते कमी पडलं तर मेंदूचं काम मंदावतं. तिन्ही मार्गांत याचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे, आणि का कोण जाणे, चर्चा सगळ्यात कमी.

एक गैरसमज इथेच दूर करू. 'सेरोटोनिन हे आनंदाचं रसायन ९० टक्के आतड्यात तयार होतं, म्हणून पोट चांगलं तर मन चांगलं' असं वाक्य मोबाइलवर फिरत असतं. पहिला भाग खरा आहे. पण आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही; मेंदू स्वतःचं सेरोटोनिन स्वतः तयार करतो. आतड्यातलं सेरोटोनिन मुख्यतः आतड्याच्या हालचालींसाठी असतं. संबंध आहे, पण तो इतका सरळ नाही.

३. साखर आणि रंग

'चॉकलेट खाल्लं की हा अंगात आल्यासारखा करतो' हे घरोघरी ऐकू येतं. अमेरिकेत १९९४ साली यावर एक छान प्रयोग झाला. आपली मुलं साखरेने बिथरतात असं मानणाऱ्या आया निवडल्या. मुलगे ५ ते ७ वर्षांचे. सगळ्यांना साखर नसलेलं पेय दिलं, पण निम्म्या आयांना 'भरपूर साखर दिली आहे' असं सांगितलं. त्या आयांना आपला मुलगा जास्त वांड वाटला. त्यांनी त्याला जास्त टोकलं, त्याच्या जास्त जवळ राहून पाळत ठेवली. पुढच्याच वर्षी अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला, आणि साखरेने मुलांचं वागणं बिघडतं असं त्यात दिसलं नाही. साखरेचे दातांवर, वजनावर परिणाम आहेतच. वांडपणाचा आरोप मात्र तिच्यावर सिद्ध होत नाही.

रंगांचं थोडं वेगळं आहे. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन इथे २००७ साली ३ वर्षांच्या आणि ८-९ वर्षांच्या मुलांना काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट घातलेलं पेय देऊन पाहिलं. चंचलपणा थोडा वाढला. सगळ्यांत नाही, पण सरासरीत दिसण्याइतका. जुलै २०१० पासून युरोपात असे सहा रंग घातलेल्या पदार्थांच्या पाकिटांवर मुलांच्या लक्ष देण्यावर आणि चंचलपणावर वाईट परिणाम होऊ शकतो, असा इशारा छापावा लागतो. त्यातले टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो ४आर हे चार रंग भारतात चालतात, आणि इथल्या पाकिटांवर तसा इशारा नसतो. घटकांच्या बारीक अक्षरांत १०२, ११०, १२२, १२४ हे आकडे शोधा. तेच हे रंग.

माझ्या मते पुडीचं खरं नुकसान तिच्यात काय आहे यापेक्षा ती कशाची जागा घेते यात आहे. चार वाजता पुडी खाल्लेलं मूल सात वाजता भाकरीला हात लावत नाही.

४. आतड्यातले रहिवासी

मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. मूल जन्मतं तेव्हा ते जवळजवळ नसतातच. जन्माच्या वेळी आणि नंतर आईकडून, घरातल्या माणसांकडून, माती-पाण्यातून ते येतात. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की बाळाला त्या पचतच नाहीत. त्या बायफिडो जातीच्या जिवाणूंचं अन्न असतात. साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत ही मंडळी मोठ्या माणसासारखी स्थिरावते. म्हणून पहिल्या तीन वर्षांतलं खाणं, जुलाब आणि गरज नसताना दिलेली अँटिबायोटिक्स यांना जास्त महत्त्व. सर्दी झाली की इंजेक्शनचा आग्रह धरणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावं.

या विषयावर पुण्यात चांगलं काम झालं आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यातले जिवाणू तपासले. एका अभ्यासात त्यांनी एकत्र कुटुंबं घेतली: एकाच छताखाली, एकाच चुलीवरचं खाणारी तीन पिढ्यांची माणसं. भारतीय आतड्यांत प्रीव्होटेला हा जिवाणू विशेष आढळतो, असं त्यांच्या कामातून दिसलं. धान्य, डाळी, भाज्या असं चोथ्याचं खाणं असणाऱ्या समाजांत तो जगभर जास्त सापडतो. शिरूर तालुक्यातल्या वढू परिसरातल्या लोकांच्या आतड्यातल्या जिवाणूंचाही असा अभ्यास झाला आहे.

चोथा आपल्याला पचत नाही. तो जिवाणूंना पचतो. तो पचवताना ते ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. मोठ्या आतड्याच्या भिंतीतल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. त्या सशक्त राहिल्या की भिंत घट्ट राहते, आतली घाण रक्तात झिरपत नाही आणि दाह कमी राहतो. दुसऱ्या मार्गाशी याचा संबंध असा जुळतो.

पण जिवाणू थेट वागणं बदलतात का? उंदरांत तसं दिसलं आहे. जपानमध्ये २००४ साली जंतुमुक्त वाढवलेल्या उंदरांना थोडं कोंडून ठेवलं तर त्यांच्यात ताणाची संप्रेरकं नेहमीपेक्षा जास्त उसळली. त्यांना लहानपणीच ठरावीक जिवाणू दिले तर प्रतिक्रिया शांत झाली. मोठेपणी दिले तर तसा फरक पडला नाही. माणसाच्या मुलांत मात्र इतकं स्वच्छ उत्तर कोणाकडेच नाही. म्हणून 'हे प्रोबायोटिक द्या, मूल शांत होईल' असं सांगून महागडी पाकिटं खपवणाऱ्यांपासून दूर राहा, असं मी आग्रहाने म्हणेन. घरचं ताक पुरे.

बाण उलट्या दिशेनेही असू शकतो, हे विसरू नये. स्वमग्न मुलांच्या आतड्यातले जिवाणू वेगळे असतात, म्हणजे जिवाणूंमुळे स्वमग्नता येते, असा निष्कर्ष अनेकांनी घाईने काढला होता. ऑस्ट्रेलियातल्या २४७ मुलांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला आणि चित्र बदललं. ही मुलं मोजकेच पदार्थ खातात. खाण्यातल्या या मर्यादेमुळे त्यांचे जिवाणू कमी प्रकारचे होतात. आधी वागणं, मग खाणं, मग आतडं. या मुलांच्या आयांना 'तुम्ही नीट खाऊ घातलं नाही' असं कोणी म्हणत असेल, तर ते अन्यायाचं आहे आणि चुकीचंही.

५. भाकरीची परीक्षा

आता शेजारच्या जिल्ह्यात जाऊ. आळेफाट्यावरून बेल्ह्याच्या रस्त्याने पूर्वेला निघालं की थोड्याच वेळात तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा लागतो. बाजरीचा जिल्हा. हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संस्था आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून जास्त लोह असलेलं बाजरीचं वाण तयार केलं. 'धनशक्ती' त्याचं नाव. ते २०१२ साली महाराष्ट्रात शेतकऱ्यांसाठी आलं. बाहेरून काही मिसळलेलं नाही. निवड करत करत वाणातच लोह वाढवलेलं.

या बाजरीने मुलांना खरोखर फायदा होतो का, हे अहमदनगर जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांवर पाहिलं गेलं. वय १२ ते १६, मुलं २४६. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली. एका गटाला धनशक्तीची भाकरी, दुसऱ्याला नेहमीच्या बाजरीची. दिवसातून दोनदा. कोणाच्या ताटात कुठली, हे मुलांना कळणार नाही अशी व्यवस्था. सुरुवातीला रक्त तपासलं तेव्हा दर पाच मुलांमागे साधारण दोघांच्या शरीरातला लोहाचा साठा रिकामा होता. धनशक्ती खाणाऱ्यांचा साठा चार महिन्यांत दुसऱ्या गटापेक्षा चांगला भरला. हा निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाला.

पण आपल्या प्रश्नाचं उत्तर त्याच प्रयोगाच्या दुसऱ्या भागात आहे, जो २०१८ साली आला. त्यात १४० मुलांना संगणकासमोर बसवून लक्ष आणि स्मरण मोजणाऱ्या चाचण्या दिल्या. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं. एक खूण दिसली तर दाबायचं, दुसरी दिसली तर हात आवरायचा. आधी पाहिलेलं चित्र ओळखायचं. सहा महिन्यांनी त्याच चाचण्या पुन्हा. सगळ्यात साध्या चाचणीत नेहमीच्या बाजरीच्या गटाचा वेळ ६३ मिलिसेकंदांनी कमी झाला, धनशक्तीच्या गटाचा १२३ मिलिसेकंदांनी. म्हणजे जवळपास दुप्पट सुधारणा. हात आवरण्याच्या चाचणीतही असंच दिसलं.

'हात आवरणं' या शब्दांपाशी थोडं थांबू या. वर्गात मध्येच न बोलणं, भावाच्या अंगावर धावून न जाणं, बेरीज पुरी होईपर्यंत जागेवर बसणं, या सगळ्यांत मेंदूला हेच काम करावं लागतं. आई ज्याला 'चंचल' म्हणते आणि बाई 'लक्ष नसते' म्हणतात, त्याचा एक तुकडा इथे घड्याळावर मोजला गेला, आणि दोन गटांत फरक फक्त भाकरीच्या पिठाचा होता.

असं का व्हावं? मेंदूत डोपामिन नावाचं रसायन लक्ष टिकवण्याचं आणि उत्साहाचं काम बघतं. ते तयार करणाऱ्या विकराला लोह लागतं. चेतातंतूंवरचं आवरण चढायला लोह लागतं. पेशींत ऊर्जा तयार व्हायलाही लोह लागतं. तान्हेपणीच लोह कमी पडलं तर परिणाम लांबतो. कोस्टा रिकामध्ये बेट्सी लोझॉफ या बालरोगतज्ज्ञ बाईंनी लोहाची तीव्र कमतरता झालेली बाळं वर्षानुवर्षं पाहिली. ती बाळं बुजरी, आईला चिकटून राहणारी, कमी हसणारी होती, आणि लोह भरून काढल्यावरही शाळेच्या वयात त्यांच्यापैकी अनेकजण बरोबरीच्या मुलांच्या मागे राहिले.

एका प्रयोगाने सगळं ठरत नाही, हेही सांगायला हवं. मुंबईत दीड वर्षाच्या आतबाहेरच्या बाळांना अशीच बाजरी देऊन पाहिली, तेव्हा सरसकट सगळ्यांत फायदा दिसला नाही. लहान बाळ पीठ खातंच किती, हा त्यातला एक मुद्दा आहे. पण वाढत्या वयाच्या, लोह कमी असलेल्या मुलांबाबत अहमदनगरचा निकाल मला वजनदार वाटतो. कारण अशी मुलं थोडीथोडकी नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ६ महिने ते ५ वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं.

६. खाल्लं किती आणि अंगी लागलं किती

इथे आतडं पुन्हा चित्रात येतं. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची क्रेट उतरली म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पैसे पडले, असं होत नाही. आवक एक, उठाव दुसरा. ज्या दिवशी आवक भरपूर आणि उठाव नाही, त्या दिवशी माल रस्त्याकडेला ओतून घरी परतलेले शेतकरी या तालुक्याने पाहिले आहेत. लोहाचं तसंच आहे. ताटात आलं ती आवक. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून रक्तात गेलं तो उठाव.

हिशेब मांडू. मुलाने दिवसभरात १०० ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या. अहमदनगरच्या प्रयोगातल्या धनशक्तीच्या किलोभर बाजरीत ८६ मिलिग्रॅम लोह होतं, म्हणजे १०० ग्रॅममध्ये ८.६. धान्यातलं लोह सगळं शोषलं जात नाही. हिशेबासाठी १० टक्के धरू. हाती आलं ०.८६ मिलिग्रॅम. साध्या बाजरीत १०० ग्रॅमला ४ मिलिग्रॅम धरलं तर हाती ०.४. बेळगावला दोन वर्षांच्या ४० मुलांवर हे प्रत्यक्ष मोजलं गेलं आहे: जास्त लोहाच्या बाजरीतून रोज ०.६७ मिलिग्रॅम लोह शोषलं गेलं, साध्या बाजरीतून ०.२३. त्या वयाची रोजची गरज पहिल्या आकड्यात भागते, दुसऱ्यात भागत नाही.

उठाव कशाने घटतो? जेवणाबरोबरच्या चहाने. चहातली टॅनिनं लोहाला बांधून ठेवतात आणि शोषण निम्म्याहून कमी होऊ शकतं. आपल्याकडे चार वर्षांचं पोरही सकाळी चहात बिस्कीट किंवा चपाती बुडवून खातं. ही सवय मोडली तर पैसा न खर्चता फायदा होतो. धान्याच्या कोंड्यातलं फायटिक आम्लही लोह अडवतं. मटकी-हुलग्याला मोड आणले, पीठ आंबवून अंबील केली की ते कमी होतं. उलट 'क' जीवनसत्त्व लोहाला रक्तात जायला मदत करतं, कधी दुप्पट-तिप्पट. खिचडीवर पिळलेलं लिंबू, भाकरीबरोबर कच्चा टोमॅटो, जेवणानंतर पेरूची फोड. टोमॅटो तर याच तालुक्यात क्रेटांनी पिकतो.

आणखी एक अडसर आहे. आतड्यात किंवा अंगात दाह असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि लहान आतडं लोह आत घेणं बंद करतं. संसर्ग झालेला असताना जंतूंना लोह मिळू नये, म्हणून शरीर करतं ती ही तजवीज. पण मूल महिन्या-महिन्याला जुलाबाने आजारी पडत असेल, दूषित पाणी पीत असेल, तर हे शोषण पुन्हा पुन्हा थांबतं. मग चांगली भाकरी खाऊनही रक्त वाढत नाही, लक्ष लागत नाही, चिडचिड राहते. ताटाचा आणि वागण्याचा संबंध आतड्याच्या तब्येतीवर अवलंबून असतो तो असा. म्हणून मला पाण्याची स्वच्छता, शौचानंतर साबणाने धुतलेले हात आणि वेळेवर घेतलेली जंताची गोळी हे मुलाच्या अभ्यासाचेच विषय वाटतात.

न शोषलेलं लोह पुढे मोठ्या आतड्यात जातं. केनियात २०१५ साली बाळांना लोह घातलेली पूड दिली, तेव्हा त्यांच्या आतड्यात रोगकारक जिवाणू वाढलेले आणि दाहही वाढलेला दिसला. याचा अर्थ डॉक्टरांनी दिलेलं लोहाचं औषध बंद करावं असा मुळीच नाही. ज्याचं रक्त कमी आहे त्याला ते हवंच. मात्र तपासणी न करता 'ताकदीसाठी' म्हणून दुकानातून बाटली आणू नये.

७. आईच्या ताटातलं बी-१२

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, आणि त्यांना झालेली मुलं मोठी होईपर्यंत ते त्यांच्या मागावर राहिले. तीन दशकं चाललेल्या या कामाबद्दल मराठी वाचकाला फारच कमी माहिती आहे. त्यात दिसलं की या बायकांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आहे. ते वनस्पतींत नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. गरोदरपणी ज्यांचं बी-१२ फार कमी होतं, त्यांची मुलं ९ वर्षांची झाल्यावर लक्ष टिकवण्याच्या एका चाचणीला सरासरी १८२ सेकंद घेत होती. ज्यांचं चांगलं होतं, त्यांची मुलं १५९. बुद्धीत फरक नव्हता. टिकून राहण्यात होता. पुढे किशोरवयीन मुला-मुलींना रोज २ मायक्रोग्रॅम इतक्या नगण्य मात्रेत बी-१२ देऊन पाहिलं. त्या मुलींना झालेली बाळं दोन वर्षांची झाल्यावर आकलन आणि भाषा या दोन्हींत सरस निघाली.

जुन्नर-आंबेगावात दुधाला तोटा नाही. पण कॅन भरून डेअरीला जातो आणि घरच्या लेकी-सुनांच्या वाट्याला चहापुरतं उरतं. हे बदलावं असं मला मनापासून वाटतं.

८. मग घरी काय करायचं?

सुरुवात तपासणीने. मूल माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खात असेल, खालच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसत असेल, थोडं खेळून दमत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. सरकारी योजनेत ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी असते. तीत ४५ मिलिग्रॅम लोह असतं. गोळीने शौच काळं होतं, त्याला घाबरून गोळी फेकू नका. जंताची गोळी १ ते १९ वयाच्या सगळ्यांना अंगणवाडीत आणि शाळेत मोफत मिळते.

ताटासाठी नवीन काही विकत आणायला नको. सकाळचा चहा बंद, किंवा निदान जेवणापासून तासभर लांब. आठवड्यातून चार दिवस बाजरी किंवा नाचणीची भाकरी. बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं आणि मग मूल तोंड फिरवतं, म्हणून थोडं थोडं दळा. सोबत मोडाची मटकी, हुलगा, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. चालत असेल तर अंडं. रोज काहीतरी आंबट: लिंबू, पेरू, आवळा, टोमॅटो. आणि वाटीभर ताक. ढाक्यात कुपोषित बाळांना हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा आणि कच्चं केळं यांच्या पिठाचा आहार तीन महिने दिला. २०२१ साली आलेल्या त्या निकालात, उष्मांक कमी असूनही नेहमीच्या पोषक पाकिटापेक्षा मुलांचं वजन चांगलं वाढलं, आणि हाडं व मेंदूच्या वाढीशी निगडित प्रथिनंही रक्तात वाढली. या चारही वस्तू आळ्याच्या आठवडे बाजारात मिळण्यासारख्या आहेत.

फरक आठवड्यात दिसत नाही. अहमदनगरच्या मुलांना सहा महिने लागले होते. आणि ताट सुधारूनही चिडचिड गेली नाही, तर दुसरीकडे बघा: झोप अपुरी आहे का, फळ्यावरचं दिसतं का, कानाला नीट ऐकू येतं का, शाळेत किंवा घरी मार बसतो का, बिबट्याच्या भीतीने दिवस मावळला की खेळ बंद होऊन मोबाइल हाती येतो का. सगळी चिडचिड पोटातून येत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, लग्नालाही नेऊ नका. पथकातल्या डॉक्टरांना मुलाची चिडचिड आणि त्याचं जेवण, दोन्ही एकाच वेळी सांगा.